खालचा हलत नाही

हंडी फुटली की लोकांचे डोळे वर असतात. दही कुणाच्या डोक्यावर सांडलं, वरचं पोर दोरीला कसं लोंबकळलं, याची चर्चा आठवडाभर चालते. खाली ज्यांच्या खांद्यांची सालटी निघालेली असतात त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. हे मी बोलू शकते, कारण पाच वर्षांची असल्यापासून मी आमच्या खाडीकर गोविंदा पथकाची एक्का होते, म्हणजे शेवटच्या थरावर एकटी उभी राहणारी. वरून खालचे लोक दिसतच नाहीत, नुसत्या वाकलेल्या माना दिसतात.

त्या मानांपैकी मधली मान माझ्या भावाची, विघ्नेशची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, अंगाने दांडगा आणि बोलायला आळशी. मी त्याच्या खांद्यावर पाय ठेवला की तो मान कलती करून कपाळ माझ्या घोट्याला टेकवायचा. एकदाच, हलकेच, आणि फक्त मलाच. पोरं चिडवायची, की विघ्न्या बहिणीच्या पाया पडतो. तो म्हणायचा, वरचा बाळकृष्ण असतो, पाया पडायला काय पैसे पडतात? पुढे माझं गळ्याचं हाड मोडलं, मी वरून खाली आले, फिजिओथेरपी शिकले, गोविंदाची बारमाही लीग निघाली तेव्हा पथकाची डॉक्टरीण झाले. तरी सरावात कधी चढायची वेळ आली तर त्याचं कपाळ ठरलेलं असायचं.

आमचे प्रशिक्षक तांडेलमामा. जन्म होडीत गेलेला माणूस. गळ्यात बोटीवरची जुनी पितळी शिट्टी, आवाज घोगरा. एक लांब शिट्टी झाली की खालच्यांनी हात गुंफायचे आणि माना खाली घालायच्या. दोन आखूड झाल्या की दुसऱ्या थराने चढायचं. शेवटी एक लांब, उतरत जाणारी, ती उतरण्याची. मामांचा नियम एकच होता. मुंगी चावो, पेटका येवो, वरचा कोसळो, उतरण्याची शिट्टी होईपर्यंत खालचा हलत नाही.

पुढे जे झालं ते सगळं या एका नियमावर झालं.

*

रोगाला सरकारने लांबलचक नाव दिलं होतं. आमच्याकडची पोरं आधी झॉम्बी म्हणायची. पण सिनेमातला झॉम्बी मेलेला असतो. हे लोक जिवंत होते. त्यांना ताप यायचा, जखमा दुखायच्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यांना तहान लागायची. म्हणून आम्ही त्यांना तहानलेले म्हणू लागलो.

सुरुवात एका चांगल्या औषधापासून झाली. ते औषध मी माझ्या हातांनी इस्पितळातल्या कित्येक पेशंटना दिलेलं आहे. 'पुनर्गती' त्याचं नाव, अर्धांगवायूवरचं. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येणारा विषाणू मज्जातंतूच्या वाटेने सरपटत मेंदूपर्यंत जातो. मेंदूत शिरायची ही वाट इतर फार थोड्यांना सापडते. शास्त्रज्ञांनी त्याचं विष काढून घेतलं आणि त्याच्या पाठीवर एक जनुक लादलं. आपल्या डोक्यात आठवणींची दोन वेगळी घरं असतात. बायकोचं नाव काय, काल काय जेवलो, हे एका घरात. सायकल कशी चालवायची, भाकरी कशी थापायची, हे दुसऱ्या घरात, सवयीच्या. हे जनुक सवयीचं घर मजबूत करायचं. मुलाचं नाव विसरलेला माझा एक शिंपी पेशंट महिनाभरात पहिल्यासारखा शर्टाला काजं करू लागला, तेव्हा आम्ही वॉर्डात पेढे वाटले होते.

मग असं घडलं, की हे औषध घेतलेल्या कुणालातरी खरोखरचा पिसाळलेला कुत्रा चावला. एका शरीरात दोन भावंडं भेटली. एकाने दात दिले, दुसऱ्याने सवय. नव्या विषाणूने नावांचं, नात्यांचं घर जाळून टाकलं आणि सवयीचं घर दुप्पट उजळलं. घशाचं मात्र जुन्या रोगासारखंच. पाणी नुसतं दिसलं तरी घसा असा आवळतो की माणूस किंचाळत मागे पळतो. पातळ काही खाली उतरत नाही. चावून चघळलेलं ओलं मांस उतरतं. त्यांची तहान आमच्या अंगातून भागायची.

आणखी दोन गोष्टी आम्ही जीव घालवून शिकलो. चावा मेंदूपासून जितका लांब तितका वेळ जास्त. गळ्याला चावलं तर चहा निवायच्या आत माणूस जातो, पिंढरीला चावलं तर दीड दिवस मिळतो. आणि विषाणू मेंदूशी पोचत आला की अंगाचा वास पालटतो, तहानलेले मग त्याला आपल्यातला समजून सोडून देतात.

*

आम्ही राहायचो खाडीकाठच्या शाळेत. तिचं मैदान म्हणजे आमची सरावाची जागा. हातोडे घालून आम्ही शाळेचा जिना पाडला आणि पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. शिडी ठेवली नाही. जिना नि शिडी चढायला मेंदू लागत नाही, पायांना ते पाठ असतं. पण माणसावर माणूस उभा करून चढणं या खाडीकाठी आमच्याशिवाय कुणाच्या अंगात नव्हतं. अन्न आणायला उतरायचं, परत येताना भिंतीशी दोन थर लावायचे, वरचे खिडकीतून आत, आणि खाली राहिलेल्यांना कप्पीच्या दोरीने ओढून घ्यायचं. दुसऱ्या वस्त्या एकेक करून संपल्या, आम्ही टिकलो. आमच्या म्हात्रेकाकू, सरावाला पोहे करणाऱ्या, म्हणायच्या की देवाने आपल्याला यासाठीच दहीहंडी शिकवली. त्यांना वर चढवताना पाच जणांचा दम निघायचा, तेव्हा मात्र देवाचं नाव कुणी घेत नसे.

एक गोष्ट आम्ही विसरलो. पथकातले निम्म्याहून जास्त लोक पहिल्याच आठवड्यात तहानलेले झाले होते. रोज संध्याकाळी त्यांचे पाय त्यांना मैदानात घेऊन यायचे, सरावाच्या वेळेला. ते नुसते हिंडायचे. आम्ही त्यांना वरून नावांनी ओळखायचो आणि मग ओळखायचं सोडून दिलं.

थर लावताना आवाज करायचा नाही असं ठरलेलं होतं. मामा पाठीवर थाप मारून खुणा करायचे. पण त्या संध्याकाळी आम्ही तांदळाची पोती घेऊन उशिरा परतलो, मागावर तहानलेल्यांचा घोळका होता. दोरीवर बसून मामा आधी खिडकीत पोचले, मागून मी आणि लीना; मामांनी वाकून पाहिलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने शिट्टी तोंडात गेली. एक लांब. लगेच दोन आखूड. सवय काही फक्त तहानलेल्यांनाच नव्हती.

मैदानातली सगळी आमची तहानलेली माणसं वळली. पळत आली, पण चावायला नाही. भिंतीशी विघ्नेश आणि चौघे खाली उभे होते, त्यांच्याभोवती येऊन त्यांनी कडं केलं. हात गुंफले, माना खाली घातल्या. इतकं नेटकं कडं आमच्याकडून सरावातही कधी जमलं नव्हतं. मग त्यांच्यातले दुसऱ्या थराचे त्यांच्या पाठींवर चढले. आमच्या खिडकीपर्यंत.

पहिली आली अक्षदा, माझ्या बरोबरीची, माझ्यानंतरची एक्का, अंगाने वाढल्यावर दुसऱ्या थरावर आलेली. तिचा एक गाल अर्धा नव्हता, आतल्या दाढा दिसत होत्या. तिने खिडकीचा कठडा धरला आणि मी कोयत्याने तिची बोटं तोडली. चार बोटं आत पडली, ती मात्र पडली नाही. कोपर टेकवून आत आली आणि मामांच्या गळ्याला डसली. मी कोयता तिच्या मानेत घातला, तो हाडात अडकला, पाय देऊन ओढला, पुन्हा घातला. लीना पाटील आमच्या दुसऱ्या थराची, ती खेळाच्या खोलीतला भाला घेऊन उभी होती. जो वर येईल त्याच्या डोळ्यात भोसकायची आणि लाथेने मागे ढकलायची. रक्ताने लादी इतकी निसरडी झाली की उभं राहता येईना.

खाली वेगळंच चाललं होतं. मागून आलेले परके तहानलेले कड्याच्या पायांमधून रांगत आत शिरत होते. आमच्या पाच जणांपैकी एकाला त्यांनी गुडघ्यातून फाडला. दुसरा हात सोडून पळायला गेला, त्याला कड्याबाहेरही जाता आलं नाही. मग उरलेले दोघेही खाली ओढले गेले. विघ्नेशच्या खांद्यावर आमची दोन जिवंत माणसं अजून उभी होती. मी वरून पाहत होते. एक म्हातारा तहानलेला त्याच्या डाव्या पिंढरीला तोंड लावून बसला होता, डोकं हलवून हलवून मांस तोडत होता. विघ्नेशच्या पाठीचे स्नायू थरथरत होते. वरची दोन्ही माणसं खिडकीत येईपर्यंत तो हलला नाही.

मामा शिट्टी फुंकत होते, पण हवा गळ्यातूनच निघून जात होती. मी शिट्टीची दोरी त्यांच्या गळ्यातून काढली, रक्त पुसलं, चावा आत्ताचाच होता, थुंकीत अजून काही उतरलं नव्हतं, आणि उतरण्याची शिट्टी दिली. सगळे उतरले. वरचा आधी, मग त्याच्या खालचा, शिस्तीत. कडं सुटलं. ते भानावर येऊन वर बघेपर्यंत आम्ही विघ्नेशला दोरीने ओढून घेतलं.

मामांना मीच मारलं. वेळ नव्हता. लीनाचा भाला घेतला, त्यांनी स्वतः तो कानाशी धरून दाखवला की कुठून घाल. मी घातला.

*

आमचं सगळं बैठकीत ठरायचं, हात वर करून. पथकात तीच रीत होती, हंडी कुठली घ्यायची इथपासून. चावलेल्याला त्याच दिवशी मारायचं हा नियमही असाच हात वर करून झालेला. मी तेव्हा हात वर केला होता. विघ्नेशनेही.

आम्ही आठ जण उरलो होतो, विघ्नेश धरून. गच्चीवरच्या टाकीत तळाला गाळ लागला होता. पाणी संपलं की बाहेर पडणं आलं, आणि बाहेर पडायची एकच जागा होती. मैदानाच्या टोकाला खाडीकडची भिंत, मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून दोन पुरुष उंच बांधलेली. तिच्या पलीकडे मामांची होडी, आणि खाडीच्या मध्यात नांगरलेला रेतीचा बार्ज, खलाशांच्या गोड्या पाण्याच्या टाकीसकट. पाण्याजवळ तहानलेला फिरकत नाही. बार्जवर पोचलो की जगलो. पण भिंत ओलांडायला थर लागतात, आणि थरांचं दुखणं हे, की खालचे मागे राहतात; भिंतीवर काटेरी तार, तिथे कप्पी बांधून एकेकाला ओढायला वेळ कोण देणार? चौघांनी वर जायचं तर चौघांनी मरायचं. बाकं रचून चढावं, तर बाकं रचून होईपर्यंत उरणार कोण?

त्या बैठकीत कुणी कुणाकडे बघेना. शेवटी म्हात्रेकाकूंनीच विषय काढला, की विघ्नेशचं काय करायचं ते बोला, पोराला ताटकळत ठेवू नका. हात कुणाचाच वर गेला नाही. तेव्हा विघ्नेश बोलला. पाय पुढे पसरून बसला होता, फडक्यातून रक्त झिरपत होतं.

"माझ्याकडे दीड दिवस आहे. तो फुकट का घालवायचा?"

त्याने सांगितलं ते इतकं सोपं होतं की आम्हाला कसं सुचलं नाही याचा राग आला. आपली माणसं अजून शिट्टी मानतात. जिथे शिट्टी होते तिथे खालचा थर लागतो. हात गुंफले की त्यांना पकडता येत नाही, मान खाली घातली की चावता येत नाही, आणि कडं झालं की बाहेरच्यांना पायांमधून रांगत यावं लागतं, तेवढा वेळ आपल्याला पुरतो. भिंतीपाशी कुणीतरी एक लांब शिट्टी द्यायची. दोन आखूड द्यायच्याच नाहीत, म्हणजे त्यांचा दुसरा थर चढणार नाही. आपण त्यांच्या पाठींवरून भिंत ओलांडायची. फक्त शिट्टी देणाऱ्याला मैदान एकट्याने पार करावं लागेल. जो अर्धा त्यांच्यातला झालाय तोच ते करू शकतो.

"आणि मग तू?" मी विचारलं.

"मी खाली बेसलाच उभा राहणार ना. दुसरं येतं काय मला?"

मी म्हटलं, शाळेतली प्लास्टिकची शिट्टी वापरू. मी खिडकीतून ती वाजवून पाहिली. कुणी मान वळवली नाही. त्यांना मामांच्या पितळी शिट्टीचीच ओळख होती, आणि ती एकच होती.

विघ्नेश म्हणाला, "रेणू, नीट ऐक. माझ्या थुंकीत आता ते आलंय. शिट्टी एकदा माझ्या तोंडाला लागली की तुला तोंडात धरता येणार नाही."

"मग तुम्हाला उतरवणार कोण?"

त्याने फडकं घट्ट केलं. बैठकीत सात हात वर गेले आणि माझा खालीच राहिला. सातांत त्याचा एक होता.

*

आता दोन गोष्टींची गाठ पडायला हवी होती. होडी भिंतीशी लागायला भरती हवी, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. आणि तोवर विघ्नेश इतका बदलायला हवा की त्यांनी त्याला सोडावं, पण इतका नाही की शिट्टी कशासाठी ते त्याने विसरावं. हे मोजायला माझ्याकडे एकच यंत्र होतं, पाण्याचा स्टीलचा पेला.

सकाळी मी तो पुढे केला, त्याने घटाघट प्यायलं आणि म्हणाला, गाळाचा वास येतो. दुपारी पेला ओठाला लावला, एक घोट घेतला, ठसका लागून सगळं नाकातून आलं. त्यानंतर तो काकूंना 'अहो बाई' म्हणायला लागला. काकू तोंड फिरवून डाळ निवडत बसल्या, डाळ नव्हतीच ताटात. उन्हं उतरली तेव्हा मी पेला घेऊन नुसती दारात उभी राहिले, आणि त्याचा गळा बेडकासारखा उडू लागला. मागे सरकत सरकत तो भिंतीला जाऊन भिडला, दोन्ही हात तोंडावर. मला तेव्हा पेला फेकून त्याला कवटाळावंसं वाटलं. मी फक्त पेला फेकला.

"दादा, मी कोण?"

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरची."

दोरीने त्याला खाली सोडलं. गळ्यात शिट्टी. तहानलेले त्याच्याभोवती जमले, त्याच्या मानेशी नाक नेऊन हुंगलं आणि बाजूला झाले. तो लंगडत मैदान ओलांडून भिंतीपाशी गेला, जिथे सरावाची हंडी टांगायचा लोखंडी आकडा होता. तिथे जाऊन उभा राहिला.

शिट्टी होईना.

तो शिट्टी हातात घेऊन तिच्याकडे बघत होता. मला कळत होतं काय झालंय. वीस वर्षं तो बेसला उभा राहिला, शिट्टी त्याने कधी वाजवली नव्हती. त्याच्या सवयीच्या घरात ती नव्हतीच. ती फक्त दुसऱ्या घरात होती, जे जळत होतं. लीना म्हणाली, गेला तो, दोर वर घे. मी तिला गप्प राहा म्हटलं. माझ्या भावाने आयुष्यात कधी घाईने विचार केलेला नाही, त्याला वेळ लागतोच.

त्याने शिट्टी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली. एक लांब.

*

आम्ही सात जण दोरीने उतरलो आणि धावलो. आमची माणसं आमच्या पुढूनच धावत होती, कडं करायला. एक माझ्या खांद्याला घासून गेला, वळूनही बघितलं नाही. पण परके तहानलेले मैदानात होतेच. लीनाने एकाच्या छातीत भाला घातला आणि भाला तिथेच सोडावा लागला. मी कोयता चालवत होते, कुणाच्या हातावर, कुणाच्या तोंडावर, बघायला वेळ नव्हता. प्रणय भोईर, आमच्यातला सगळ्यात चपळ, म्हात्रेकाकूंना ओढत होता. काकू अडखळल्या, त्याने त्यांना पुढे ढकललं आणि स्वतः मागे सापडला. तिघांनी त्याचं पोट उघडलं. तो ओरडत होता तोवर ते तिकडे गुंतले, आणि आम्ही कड्यात शिरलो. मी हे असंच सांगणार, कारण ते असंच झालं.

कडं भिंतीला चिकटून लागलं होतं. गुंफलेले हात, वाकलेल्या माना, जखमांचा कुबट वास. मध्ये, भिंतीला तोंड करून विघ्नेश. दुसऱ्या थराचे तहानलेले बाहेर रांगेत उभे होते, वर तोंड करून, दोन आखूड शिट्ट्यांची वाट बघत. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ना शिट्टी ना थाप, असे चढलो. पाय उचलवत नव्हता. लीना आधी गेली, तिने भिंतीवरच्या काटेरी तारेवर गोणपाट टाकलं. मग बाकीचे. म्हात्रेकाकूंना मी खालून रेटलं, त्यांचा पाय एका तहानलेल्याच्या फुटलेल्या खांद्यात रुतला, हाड मोडल्याचा आवाज झाला. तो हलला नाही. काकू रडत रडत त्याला सॉरी बाळा, सॉरी बाळा म्हणत होत्या.

बाहेरून परके कड्याला धडका देत होते, आमच्यापर्यंत पोचायला त्यांच्याच पाठी ओरबाडत होते. कडं डचमळायचं आणि पुन्हा घट्ट व्हायचं. मामा बघायला हवे होते.

मी शेवटची. ओढणीने हात गुंडाळला आणि विघ्नेशच्या गळ्यातून शिट्टीची दोरी काढली. शिट्टी फेसाने माखली होती. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत मी नव्हते. ओठांवरून लाळेची तार खाली लोंबत होती. ओळख संपली होती, मला डॉक्टरकीचं एवढं कळतं.

मी त्याच्या खांद्यावर डावा पाय ठेवला. चप्पल धावताना कधीच गेली होती. उघडा घोटा त्याच्या तोंडापासून वीतभर. दुसरी कुठली पाठ निवडता आली असती, शेजारीच होती. पण माझे पायही वीस वर्षांच्या सवयीचे.

त्याची मान कलली. त्याचा गरम श्वास मला घोट्यावर लागला, दात दिसले. माझ्या हातात कोयता होता आणि तो मी उचलला नाही.

त्याने कपाळ टेकवलं. एकदाच, हलकेच. मग मान परत खाली.

मी भिंत चढले.

*

बार्जवर लीना म्हणाली, ती सवय होती रेणू, मनाला लावून घेऊ नकोस. पुनर्गती कशी काम करते ते तूच आम्हाला शिकवलंस. मी म्हटलं, खरं आहे. आणि मग मी तिला विचारलं, की सवय लागते कशी? माणूस एक गोष्ट वीस वर्षं मनापासून करतो, तेव्हाच ना?

मी शिट्टी राखेने घासली आणि पातेल्यात टाकून उकळत ठेवली. हा विषाणू उकळत्या पाण्यात टिकत नाही, तरी मी ती पुन्हा पुन्हा उकळली. सकाळी मी बैठक बोलावली. संध्याकाळच्या भरतीला होडी परत न्यायची आहे म्हटलं. सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं, जिवंत सुटलोय ते बघ. लीना म्हणाली की त्यांना दुखत नाही. दुखतं, मी म्हटलं. त्यांना जखमा दुखतात, तहान लागते, आणि शिट्टी झाल्याशिवाय ते तिथून हलणार नाहीत, उभ्या उभ्या मरेपर्यंत. एका उतरण्याच्या शिट्टीचं देणं आहे आपल्याकडून.

पहिला हात म्हात्रेकाकूंचा वर गेला. मग लीनाचा.

भरतीचं पाणी भिंतीला लागलं होतं. आम्ही होडी थोड्या अंतरावर धरून ठेवली. भिंतीपलीकडून काही आवाज येत नव्हता, हंडीच्या आधी सगळं मैदान गप्प होतं तसं. मी उभी राहिले, काकूंनी मागून माझी कंबर धरली. शिट्टीला पितळेचा नि राखेचा वास येत होता. एक लांब, उतरत जाणारी. श्वास संपेपर्यंत वाजवली.

आधी काहीच नाही. मग हात सुटल्याचे आवाज आले, पुष्कळ पावलं मागे सरली, कुणीतरी धपकन पडलं, कुणी कण्हलं. पावलं मैदानभर पांगली आणि लांब गेली. पुन्हा सगळं शांत झालं. लीनाने वल्हं उचललं.

मी तिला थांब म्हटलं. मामांच्या शिस्तीत मधला सगळ्यांच्या शेवटी निघतो.

मग भिंतीच्या अगदी जवळून एक पाऊल वाजलं. त्यामागून डावा पाय फरफटत आला. विघ्नेश हलला.